उमेदवारीचा एक दिवस

'उमेदवारी' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या हंगामातच कानावर येतो. कुणाला ती मिळते, कुणाची कापली जाते, कुणी ऐन वेळी मागे घेतो. एके काळी या शब्दाचा मराठी घरांतला अर्थ वेगळा होता. सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत किंवा घड्याळजीच्या दुकानात मुलगा 'उमेदवारीला' राहत असे. पगार नसे, असला तर चहापाण्यापुरता. सकाळी दुकान झाडायचे, हत्यारे पुसून ठेवायची, उस्तादाच्या हाताकडे बघत राहायचे, आणि एक दिवस उस्ताद म्हणायचा, "बस इथे, आता तू कर." 'उमेद' या शब्दातूनच ही उमेदवारी आली. शिकणाऱ्याच्या मनात उमेद असायची आणि शिकवणाऱ्यालाही त्याच्याबद्दल उमेद असायची.

आज त्या जागी 'इंटर्नशिप' आली आहे. ज्या घरात इंजिनीअरिंगला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून या शब्दाची धास्ती असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदवीसाठी नवा आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात एकूण श्रेयांक १६० वर आणले आणि इंटर्नशिप सक्तीची केली. विचार उत्तम होता. फळ्यावरचे इंजिनीअरिंग आणि कारखान्यातले इंजिनीअरिंग यांची गाठ पडावी, हीच त्यामागची इच्छा. पण सक्ती आली की तिच्या मागोमाग पळवाटा येतात. परीक्षा संपायच्या सुमारास पालकांचे फोन सुरू होतात. "तुमच्या ओळखीत भोसरीत, चाकणला कुणी आहे का हो? चार आठवड्यांचेच आहे."

भोसरीच्या एका मशिन शॉपमध्ये मी पंचवीसहून अधिक वर्षे आहे. वाहनांचे सुटे भाग आम्ही बनवतो. दर वर्षी चार-दोन विद्यार्थी माझ्या हाताखाली येतात, म्हणून हे फोनही माझ्याकडे येतात. फोनवर दोन प्रश्न हमखास असतात. "पत्र मिळेल ना?" आणि "शेवटी सर्टिफिकेट मिळेल ना?" हा मुलगा दिवसभर तिथे करणार काय, हे आजवर एकाही पालकाने मला विचारलेले नाही. म्हणून हा लेख त्या दिवसाबद्दल आहे. कारण इंटर्नशिप बरी की वाईट हे प्रमाणपत्रावर ठरत नाही. ते सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच या नऊ तासांत काय घडते त्यावर ठरते.

दिवस सुरू होतो तो कारखान्याच्या फाटकाशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. पुण्यात शिकणारी बरीच मुले सोलापूर, बीड, नांदेड, जळगावकडची. कॉट बेसिसवर चौघांत एक खोली. मेसचा डबा दुपारी. सकाळी सहाला कोण नाश्ता देणार? बिस्किटाचा पुडा बॅगेत टाकायचा आणि निघायचे. मेट्रो झाल्यापासून नाशिक फाट्यापर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. तिथून पुढे शेअर रिक्षा, नाहीतर पायपीट. चाकणचा कारखाना असेल तर नाशिक रस्त्यावरच्या वाहतुकीत किती वेळ जाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. कंपनीच्या बसमध्ये शिकाऊ मुलाला जागा मिळेलच असे नाही. ती बस कामगारांसाठी असते.

सव्वाआठला फाटक. वहीत नाव, महाविद्यालय, कुणाकडे काम. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. मग सेफ्टी शूज, गॉगल, कानात बोळे. पहिल्या दिवशी अर्धा तास मी फक्त एका गोष्टीवर बोलतो. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्या. आणि फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजे घालायचे नाहीत. या शेवटच्या सूचनेचे मुलांना नवल वाटते. हातमोजे म्हणजे संरक्षण, असे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. पण फिरत्या चकमध्ये मोज्याचे टोक अडकले तर ते हाताला सोबत घेऊन जाते. यंत्राला इंजिनीअर आणि हेल्पर यांतला फरक कळत नाही. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट इथे उलटी असू शकते, हा त्या दिवसाचा पहिला धडा.

साडेआठला दहा मिनिटांची बैठक. सगळे उभ्याने. फळ्यावर कालचे उत्पादन, कालचे रिजेक्शन, कोणते मशिन बंद, कोणत्या गिऱ्हाइकाची तक्रार. "दुसऱ्या पाळीत तीन नंबरला चौदा पीस ओव्हरसाइज. इन्सर्ट बदलला, ऑफसेट दिला नव्हता." नव्या मुलाच्या कानावर हे मराठीच पडत असते, पण त्यातले काही कळत नाही. तीन वर्षे ज्याने यंत्रशास्त्राचे पेपर सोडवले त्याला हा प्रसंग अपमानाचा वाटतो. वाटू द्यावा. महाविद्यालयात चूक झाली तर गुण कापले जातात आणि विषय संपतो. इथे चूक लाल रंगाच्या पेटीत जाऊन पडते. तिला वजन असते, किंमत असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा माणसांदेखत तिचा हिशोब होतो.

बैठक संपते आणि त्या दिवसातला सर्वांत अवघड काळ सुरू होतो. नऊ ते अकरा. ज्याच्या हाताखाली तुम्हाला नेमले तो इंजिनीअर बंद पडलेल्या मशिनकडे धावलेला असतो. जाता जाता तो सांगतो, "लाइनवर फिरून या. निरीक्षण करा." मुलगा फिरतो. कुठे उभे राहावे कळत नाही. इकडे उभा राहिला तर ट्रॉली येते, तिकडे उभा राहिला तर फोर्कलिफ्टवाला हॉर्न देतो. ऑपरेटर संशयाने बघतो, कारण वही घेऊन शेजारी उभा राहणारा माणूस बहुधा वेळ मोजायला आलेला असतो, आणि वेळ मोजली की उत्पादनाचा आकडा वाढवून मागितला जातो, हा त्याचा अनुभव. तासाभरात मुलगा कोपऱ्यात जाऊन मोबाइल काढतो. आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना शिकायला नको.

नुसते उभे राहून पाहणे हे मुळात वाईट नाही. टोयोटाची उत्पादनपद्धती घडवणारे ताइची ओनो यांची एक गोष्ट जगभरच्या कारखान्यांत सांगतात. ते कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढत आणि नव्या इंजिनीअरला त्यात तासन्‌तास उभे करत. काम पाहायचे, बस्स. पण गोष्टीचा अर्धा भाग आपण विसरतो. ओनो परत येत आणि विचारत, "काय दिसले?" उत्तर पटले नाही की पुन्हा उभे राहायला सांगत. आपण मुलांना वर्तुळात उभे करतो आणि परत यायचे विसरतो. उमेदवारी आणि ताटकळणे यांतला सगळा फरक त्या एका प्रश्नाचा आहे.

हा प्रश्न विचारायला कुणी नसले की इंटर्नशिपच्या तीन तऱ्हा होतात. पहिली कागदी. मुलगा कारखान्यात येतच नाही. ओळखीचा मालक पत्र देतो, चार आठवड्यांनी प्रमाणपत्र देतो. संगणक शाखेत तर घरबसल्या पैसे भरून प्रमाणपत्र घ्यायची सोय निघाली आहे. उमेदवाराने उस्तादाला पैसे द्यायचे आणि उस्तादाने तोंडही दाखवायचे नाही, हा प्रकार आपल्या आजोबांना सांगितला असता तर त्यांनी पोलिसांत जायला सांगितले असते. दुसरी तऱ्हा पाहुण्याची. मुलाला वातानुकूलित खोलीत बसवायचे, जुने अहवाल वाचायला द्यायचे, चहा पाजायचा, वेळेवर घरी पाठवायचे. कुणाला त्रास नाही, कुणाला लाभ नाही. तिसरी तऱ्हा फुकटच्या मजुराची. एका कारखान्यात तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना पूर्ण दीड महिना कापलेल्या भागांची बर काढायला बसवले होते, हे मी पाहिले आहे. कानस आणि समोर ढीग.

इथे गैरसमज नको. कानस चालवण्यात कमीपणा काहीच नाही. उलट माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक दिवस बर काढायला लावतो. कडेचा तो धारदार कंगोरा एकदा बोटाला लागला की पुढे ड्रॉइंगवर 'सर्व कडा बोथट कराव्यात' ही ओळ लिहायला तो इंजिनीअर जन्मात विसरत नाही. पण एक दिवस केले तर ते शिक्षण आणि तीस दिवस केले तर ती मजुरी. आणि मजुरीचे पैसे द्यावे लागतात.

मग चांगला दिवस कसा असतो? दोन उन्हाळ्यांमागे आमच्याकडे तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. मराठवाड्यातली, बोलायला थोडी बुजरी. तिला मी एक काम दिले. एका सीएनसी लेथवर सुमारे १०० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी रिंगा होत होत्या. मापात मुभा होती एकूण ०.०३ मिलिमीटरची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. अधूनमधून काही रिंगा मापाबाहेर जात आणि कारण सापडत नव्हते. तिला सांगितले, दर दहाव्या रिंगचे माप घे, घड्याळात बघून वेळ लिही, आणि वहीत आलेख काढ. संगणक नको, कागद-पेन्सिल. संध्याकाळी पाच वाजता मी येईन आणि विचारीन, काय दिसले.

पहिल्या दिवशी तिला काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशीही ठिपक्यांची नुसती रांगोळी. तिसऱ्या दिवशी तिने दहावीऐवजी प्रत्येक रिंग मोजायला घेतली, आणि आलेखात दोन ठिकाणी पायरी दिसली. एक सकाळी पाळी सुरू होताना, दुसरी जेवणाच्या सुट्टीनंतर. सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या सात-आठ रिंगा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या होत्या. मशिन चालून तापते, अर्ध्या तासाच्या सुट्टीत निवते. त्याचा स्पिंडल आणि स्क्रू काही मायक्रॉनने आक्रसतात, आणि तापलेल्या मशिनसाठी दिलेला ऑफसेट निवलेल्या मशिनला लागू पडत नाही.

तिने हे त्या मशिनवरच्या ऑपरेटरला सांगितले. पन्नाशीचा माणूस, आयटीआय झालेला, तीस वर्षे लेथवर. तो हसला आणि म्हणाला, "पोरी, आमच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जॉब हाताला गार लागल्याशिवाय मापायचा नाही, आणि मशिन गरम झाल्याशिवाय त्याचा भरवसा धरायचा नाही."

त्यावर तिने जो प्रश्न विचारला तो मी जपून ठेवला आहे. ती म्हणाली, "काका, किती गार?"

या 'किती'मध्ये सगळे इंजिनीअरिंग आहे. ऑपरेटरला जे हाताने कळत होते ते तिला आकड्यात हवे होते. तिने पुस्तक काढले. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. मशिनमधून नुकतीच निघालेली रिंग मापनाच्या टेबलावरच्या प्रमाण रिंगपेक्षा सुमारे बारा अंशांनी गरम होती. १०० मिलिमीटरला बारा अंश, म्हणजे जवळजवळ १४ मायक्रॉन. मुभा तीस मायक्रॉनची, आणि त्यातली निम्मी नुसत्या उष्णतेने खाल्लेली. अकरावीच्या भौतिकशास्त्रात हे गणित तिने केव्हाच सोडवले होते. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, या उदाहरणासह. पण ते गणित आपल्या हातातल्या कोमट लोखंडाबद्दल आहे हे तिला त्या दिवशी कळले.

पुढचे उपाय साधे होते. सुट्टीनंतर दहा मिनिटे मशिन रिकामे चालवायचे. रिंग आधी जाड पोलादी पाटावर ठेवायची, निवू द्यायची, मग मापायची. सुट्टीनंतरचे रिजेक्शन त्या मशिनवर जवळजवळ थांबले. ती सूचना आजही मशिनवर चिकटवलेली आहे आणि त्या ऑपरेटरच्याच अक्षरात आहे. तीस वर्षे त्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याला कुणी कधी विचारलीच नव्हती. एक विद्यार्थिनी आली, तिने विचारली, आणि दोघांचे ज्ञान मिळून कारखान्याच्या कामी आले. इंटर्नशिपचा फायदा फक्त विद्यार्थ्याला होतो, असे म्हणणाऱ्या कारखानदारांनी याचा विचार करावा.

आता जेवणाच्या सुट्टीबद्दल. हा अर्धा तास अभ्यासक्रमात कुठेच नसतो, पण मुलगा कुणाजवळ बसून जेवतो यावर त्याचे पुढचे शिक्षण ठरते. साहेबांच्या टेबलाशी बसण्याची त्याला हिंमत नसते आणि कामगारांच्या टेबलाशी बसण्याची सवय नसते, म्हणून तो एकटा बसतो. मी मुलांना सांगतो, डबा घेऊन ऑपरेटरांत जा. मेथीची भाजी वाटून घेतली की वहीबद्दलचा संशय जातो. मग ते आपणहून सांगतात, कोणते मशिन नखरे करते, कोणते टूल किती वेळ टिकते, कोणत्या साहेबाला खरे सांगायचे आणि कोणत्याला नाही.

पण सुट्टीचा हा अर्धा तास सर्व मुलांना सारखा नसतो. मोठ्या कारखान्यांत कँटीन असते. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे त्याची तरतूद केली होती. भोसरीतल्या गल्ल्यांमधल्या तीस-चाळीस माणसांच्या शॉपमध्ये मात्र जेवण म्हणजे मशिनमागचा बाकडा, नाहीतर फाटकाबाहेरची वडापावची गाडी. आणि मुलींसाठी प्रश्न याहून साधा आणि याहून लाजिरवाणा असतो. त्यांच्यासाठी स्वच्छतागृह असते का? अनेक छोट्या शॉपमध्ये नसते. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. १९७४ साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असे छापले होते, म्हणून सुधा कुलकर्णी या तरुण अभियंतीने, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुढे पुण्यात नोकरी मिळवली. पन्नास वर्षे उलटून गेली. आज तसली जाहिरात कुणी छापणार नाही. पण फोनवर "आमच्याकडे मुलींची सोय नाही हो" हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. अर्थ तोच, फक्त छापील नाही.

दुपारचे दोन ते चार हा काळ मुलांना टूल रूममध्ये आणि तपासणी विभागात घालवू द्यावा. बाहेर एप्रिल-मेचे ऊन आणि आत तपासणी खोलीत वीस अंशांचा गारवा. मुलांना वाटते हा साहेबांचा थाट. मग कळते की लांबीचे माप जगभर वीस अंश सेल्सिअसला धरायचे हा संकेत आहे. वातानुकूलन माणसांसाठी नसून लोखंडासाठी आहे. हे वाक्य मुले घरी जाऊन सांगतात, असे मला पालकांकडून कळते.

चारनंतर अहवाल लिहायचा. इथे पुन्हा पळवाट. मागच्या वर्षीच्या मुलाचा अहवाल आणायचा, नाव बदलायचे. पहिली दहा पाने कंपनीचा इतिहास, मग अधिकाऱ्यांची उतरंड, मग गुणवत्ता धोरण, शेवटी आभार. महाविद्यालयातले प्राध्यापक तो पाहतात, मोजतात, सही करतात. त्या ऐवजी रोजच्या तीन ओळी पुरेत. आज काय पाहिले. आज काय मोजले. आज काय समजले नाही. चार आठवड्यांच्या अशा डायरीतून मुलाला काय आले हे कुठल्याही प्राध्यापकाला पाच मिनिटांत कळेल. तिसऱ्या ओळीत रोज काहीतरी असेल तर मुलगा शिकतो आहे. ती रिकामी राहू लागली की त्याने बघायचे सोडले आहे असे समजावे.

आता पैशांचे. घराघरांत याबद्दल मोठा गोंधळ आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, १९७३ च्या दुरुस्तीनंतर, पदवी आणि पदविका झालेल्या इंजिनीअरांनाही लागू झाला. त्यांना किमान विद्यावेतन ठरवून दिलेले असते; २०१९ मध्ये पदवीधरांसाठी ते दरमहा ९,००० रुपये केले गेले. पण हे शिक्षण संपल्यानंतरच्या उमेदवारीला. २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा होऊन ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपयांची तरतूद केली गेली, पण तीही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. म्हणजे ज्याला अभ्यासक्रमाने सक्तीने कारखान्यात पाठवले, तो तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी या दोन्हींच्या फटीत पडतो. त्याला काही द्यायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर.

याचा परिणाम काय होतो? खोलीभाडे, मेस, रोजचे येणे-जाणे हा खर्च घरच्यांवर. ज्याच्या वडिलांना तो झेपतो आणि ज्यांची कारखान्यात ओळख आहे, त्याचा मुलगा चांगल्या ठिकाणी लागतो. ज्याला झेपत नाही तो उन्हाळ्यात गावी जातो, शेतात हात लावतो आणि तालुक्याच्या गॅरेजचे प्रमाणपत्र आणतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत दोघांनाही एकच प्रश्न येतो, "इंटर्नशिपमध्ये काय केले?" गुणवत्तेची परीक्षा घेत आहोत असे समजून आपण तिथे ओळखीची परीक्षा घेतलेली असते.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. चाळीस माणसांच्या शॉपमध्ये रिकामा माणूस एकही नसतो. मुलाला अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हा घोर असतो. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज बाहेर जाण्याची भीती असते. आणि चार आठवड्यांत मुलगा जरा उपयोगी पडू लागतो तोच त्याची मुदत संपते. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांवर उपाय म्हणून अनेक महाविद्यालयांत आता अख्ख्या सत्राची इंटर्नशिप आली आहे, ती योग्य दिशा आहे. ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्येच आलटून पालटून वर्ग आणि कारखाना अशी पद्धत सुरू केली होती. आणि आपल्या पुण्यातले अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे नावच 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असे होते. वर्ग आणि यंत्रशाळा, दोन्ही एकाच पाटीवर. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत आपण वर्ग तेवढा वाढवला.

माझे मागणे फार मोठे नाही. कारखान्याने प्रत्येक विद्यार्थ्याला खरा, आपल्याला उत्तर ठाऊक नसलेला एक प्रश्न द्यावा. एक माणूस नेमून द्यावा आणि त्या माणसाची दिवसातली पंधरा मिनिटे त्या कामाची धरावीत. निदान जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा. मुलींसाठी स्वच्छतागृह ही सोय नसून अट समजावी. महाविद्यालयाने जागा शोधण्याचे काम पालकांच्या ओळखींवर न सोडता स्वतः करावे, आणि प्राध्यापकाने महिन्यातून एकदा तरी त्या फाटकातून आत यावे. माझ्याकडे इतक्या वर्षांत असे येणारे प्राध्यापक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जे आले ते वर्गात परत गेल्यावर वेगळे शिकवू लागले, हे त्यांच्याच विद्यार्थ्यांनी मला सांगितले.

साडेपाचला भोंगा होतो. दुसऱ्या पाळीची माणसे आधीच येऊन हात धुवायच्या नळाशी गप्पा मारत असतात. विद्यार्थी शूज काढून ठेवतो, चिकटपट्टी काढतो, वहीत सही करतो. कपड्यांना कूलंटचा तो आंबूस वास असतो, दोन धुण्यांतही न जाणारा. आठ वाजता तो खोलीवर किंवा घरी पोहोचतो. आणि इथून पुढे पालकांचे काम सुरू होते.

त्या रात्री जेवताना किंवा फोनवर आपण काय विचारतो याला महत्त्व आहे. "साहेबांशी ओळख वाढव," "सर्टिफिकेटचे विचारलेस का," "नोकरीचे काही बोलले का," हे प्रश्न एखाद्या रात्रीपुरते बाजूला ठेवावेत. विचारावे, आज काय पाहिलेस? काय मोजलेस? काय समजले नाही? उत्तरे आपल्याला कळतील असे नाही. मायक्रॉन म्हणजे काय हे आईला ठाऊक नसेल, ऑफसेट म्हणजे काय हे वडिलांना ठाऊक नसेल. ते नसलेलेच बरे, कारण मग त्याला ते समजावून सांगावे लागेल, आणि समजावून सांगताना त्याला स्वतःला कळेल की आपल्याला किती समजले आहे. आणि सलग आठवडाभर "काही नाही, बसून होतो" असेच उत्तर आले, तर त्याच्यावर चिडू नये. महाविद्यालयात फोन करून विचारावे की मुलाला कुणाच्या हाताखाली दिले आहे, आणि तो माणूस त्याला रोज काय विचारतो.